बाबांसाठी मोठा टीव्ही

माझ्या बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, एवढंच आईचं हलतं चित्र आमच्याकडे होतं. तिचा आवाज त्यात नव्हता. शूटिंगवाल्याने लग्नातला खरा आवाज पुसून सगळीकडे सिनेमाची गाणी टाकली होती. लग्न मे महिन्यात झालं आणि जानेवारीत आई गेली. पोटात गाठ होती.

त्यानंतरच्या वर्षी बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग आणि कडेने थोडंसं दिसायचं. अमडापूरच्या घरात ते जुन्या टीव्हीपुढे हातभर अंतरावर बसायचे, तोंड भिंतीकडे वळवून, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कॅसेट पाहायचे. मी बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवत होतो, शनिवारी संध्याकाळी घरी यायचो.

"आता तुह्या मायचं तोंड नाई दिसत," ते एका शनिवारी म्हणाले. "लुगडं दिसते. तोंड नाई."

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. चित्र मोठं असेल तर काही महिने उपयोग होईल, म्हणाले. आणि करायचं ते लवकर करा, असंही म्हणाले.

मी लवकर केलं नाही. त्या वर्षांत कपाटाएवढे टीव्ही निघाले होते. काचेमागच्या पेटीत लहान चित्र तयार व्हायचं आणि आरशावरून मोठं होऊन आतून पडद्यावर पडायचं. मलकापूरच्या एका दुकानात असे दोन होते, एक जपानी कंपनीचा आणि एक कोरियन. मी दोन्हींची माहितीपत्रकं घेऊन आलो आणि परीक्षेचे पेपर तपासावेत तशी वाचली. महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या. जपानीचं चित्र रेखीव होतं, कोरियनचं जास्त उजेडाचं. बाबांना रेखीवपणा लागेल की उजेड? डॉक्टरांना पत्र लिहून विचारलं, उत्तराची वाट पाहिली. ते आलं नाही. मग एका सहकाऱ्याने सांगितलं की पुढच्या सणाला नवीन मॉडेल येतं, थांबा. मी थांबलो.

दुकानात तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मालक हसला.

"सर, टीव्ही पाहून राह्यले का पोरगी? पोरगी पाहाले बी लोक दोनच खेपा घालतेत."

"वडिलांसाठी आहे. त्यांना कमी दिसतं."

"मंग त्यायलेच घेऊन या ना. त्यायच्या डोयानं पसंत करू द्या."

हे मला सुचलं नव्हतं. पण घाट उतरून मलकापूरपर्यंत येण्याइतकी ताकद तेव्हा बाबांच्यात राहिली नव्हती. मी आणखी अर्धा तास दोन्ही पडद्यांसमोर उभा राहिलो आणि जपानी घेतला. टेम्पो येईपर्यंत श्रावण संपत आला होता. डॉक्टरांकडे आम्ही चैत्रात गेलो होतो.

चार माणसांनी टीव्ही बैठकीत आणून ठेवला. शेजारची मंडळी पाहायला आली. "थेटर आणलं पोरानं," एक काकू म्हणाल्या. बाबा नेहमीसारखे खाली सतरंजीवर बसले, मी कॅसेट लावली, आणि सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. बाबांनी मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वळवून पाहिली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, तर तिथून चित्र जवळजवळ काळं दिसत होतं. या टीव्हीचं चित्र फक्त नजरेच्या रेषेत नीट दिसतं. दुकानात मी प्रत्येक वेळी उभ्याने पाहिलं होतं. बाबा जमिनीवर बसतात, ही गोष्ट मी पेन्सिलने कुठेच लिहून ठेवली नव्हती.

त्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली.

"आता?"

"उजेड दिसते."

"आणि?"

"उजेडच दिसते, बे. मोठा दिसते."

लोक एकेक करून उठून गेले. आम्ही दोघंच राहिलो तेव्हा बाबा म्हणाले, "तू पाह्य आन मले सांग."

मी सांगू लागलो. मांडव, बँडवाले, मामा फेटा बांधतात. बाबा मध्येच "पुढं, पुढं" म्हणायचे. पंगत आली. आई वाढताना दिसली.

"काय करून राह्यली?"

"जिलेबी वाढून राह्यली."

"कोन्त्या हातानं?"

"उजव्या."

"डावा कुठी हाय?"

मी पाहिलं. लहान टीव्हीवर हे दृश्य आम्ही कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. डावा हात पदराखाली होता, बरगडीच्या खाली दाबून धरलेला. ती पुढच्या पानाकडे सरकली तरी हात तिथून निघाला नाही.

"पोटावर," मी म्हणालो.

गाणं वाजत राहिलं.

"हळदीच्या दिशी मले सांगतलं होतं तिनं. लय दुखते म्हने. मी म्हटलं, लगन होऊ दे, मंग पाहू. मंग पेरनी लागली." त्यांनी मान पडद्याकडे वळवली, नेहमीसारखी तिरपी नाही, सरळ. "तिच्या तोंडावर दिसत होतं का रे? त्या दिशी मी पाह्यलंच नाई तिच्याकडं. आता तू सांग."

मी उठून पडद्याजवळ गेलो. जुन्या कॅसेटचं चित्र एवढं मोठं केल्यावर चेहरा नुसता करड्या ठिपक्यांचा झाला होता. डोळे कुठले, तोंड कुठलं, कळेना.

"जवळून काही कळत नाही, बाबा."

"दुरून पाह्य मंग."

मी दारापर्यंत मागे गेलो. कॅसेट उलटी फिरवली आणि पुन्हा लावली. आई पंगतीत आली, वाकली, जिलेबी ठेवली. पाहुण्याकडे पाहून हसली. मग दुसऱ्या पानाकडे वळताना, पाहुण्याची नजर हटल्यावर, ओठ आवळून क्षणभर थांबली. लांबून ते अगदी स्पष्ट होतं.

नाही म्हणता आलं असतं. पण बाबांनी मला शाळेत घातलं होतं ते नीट वाचता यावं म्हणून, आणि त्या खोलीत दुसरं कुणी वाचणारं नव्हतं.

"दिसते," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बंद कर," म्हणाले. मी पुढे होऊन टीव्ही बंद केला. त्यानंतर दोन वर्षं बाबा होते. त्या टीव्हीवर ते बातम्या ऐकायचे. ती कॅसेट लाव, असं ते मला पुन्हा कधी म्हणाले नाहीत.