माझं सुरेख अक्षर

कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी प्राचार्यांनी माझे कागद चाळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "म्हणजे रांगोळी येतच असेल?"

मी म्हटलं, "सर, मी कलेचा इतिहास शिकवते."

"तेच ते," ते म्हणाले. दुपारी शिपाई रांगोळीचे डबे घेऊन माझ्या टेबलाशी हजर. कुणी पाहुणे यायचे होते.

रांगोळी मी काढली नाही. पण फलकावर पाहुण्यांचं नाव इतकं गचाळ लिहिलं होतं की मला राहवेना. ते पुसून मी पुन्हा लिहिलं आणि तिथेच फसले. त्यानंतर जालन्यातल्या त्या कॉलेजात जयंती असो, उद्घाटन असो की शोकसभा, कार्डशीट आणि रंग माझ्याकडे यायचे. आमचे इतिहासाचे प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या त्याच त्या टिपणांवरून वर्षानुवर्षं सनावळ्या वाचून दाखवत. लोक त्यांना विद्वान म्हणत. मी होते 'अक्षरवाल्या मॅडम'.

मुलांना भोकरदनची लेणी दाखवायला नेलं, तर स्टाफरूममध्ये "मॅडमची पिकनिक निघाली" म्हणून हशा पिकायचा. हसणाऱ्यांपैकी एकानेही ती लेणी पाहिलेली नव्हती; काहींचं तर घर भोकरदनला होतं. टेंभुर्णीची एक मुलगी मात्र तिथल्या एका मूर्तीसमोर बसली ती उठेचना. बस सुटायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "मॅडम, शेवटच्या घावाला छिन्नी घसरली असती तं त्यानं काय केलं असतं वो?" पुढे ती याच विषयात एम.ए.ला गेली. अशी एखादी पोर अधूनमधून निघायची. तिच्यासाठी मी सगळी ब्याद सोसली. नाहीतर त्या स्टाफरूमचा चहासुद्धा घेण्याच्या लायकीचा नव्हता.

निवृत्तीच्या वर्षी मी एकच गोष्ट मागितली. माझ्यामागे विषय चालू ठेवा, कुणीतरी शिकवणारं आणा. नवे प्राचार्य वर्षभर "बघू, बघू" करत राहिले.

निरोप समारंभाच्या सकाळी शिपाई कार्डशीट घेऊन आला. "मॅडम, तेवढं फलकाचं जल्दी करून द्या. सायबांनी सांगितलंय."

"कुणाचा कार्यक्रम आहे?"

"आता! तुमचाच की!"

मी तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते खुशीत होते. "मॅडम, तुमच्या निरोपाला दुसऱ्याचं अक्षर बरं दिसंल का? आन् हां, ते विषयाचं. बंद करून राह्यलो आपण. पोरं कुठं येत्यात? तुमच्या खोलीत हस्ताक्षराचा वर्ग काढू. तुमचीच आठवण!"

चेहऱ्यावर असं समाधान की जणू माझा पुतळाच उभारताहेत. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला या माणसाची किळस आली, आणि त्याच्यासारख्यांच्या सह्यांवर माझी सगळी नोकरी झाली याची जास्त.

खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि लिहायला बसले. आयुष्यात इतकं मन लावून कधी लिहिलं नव्हतं. मोठ्या अक्षरांत, 'कला-इतिहास या विषयाचा निरोप समारंभ'. खाली जरा लहान, 'विषय धडधाकट होता. हेळसांडीने गेला.' माझं नाव कुठेच घातलं नाही.

संध्याकाळी तो फलक व्यासपीठावर लागला. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं त्याच्याखाली पार पडलं. प्राचार्यांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. इतिहासाचे विद्वान चष्मा लावून अगदी जवळ गेले, मान हलवली आणि म्हणाले, "वा, मोत्यासारखं!" मी वाट पाहत होते. कुणीतरी चिडेल, निदान खाकरेल. सगळे पोह्यांच्या बशा घेऊन पांगले.

परवा तो शिपाई बाजारात भेटला. "मॅडम, वर्ग जोरात चाललाय. तुमचा फलक फ्रेम करून लावलाय भिंतीला. पोरं त्याच्यावरूनच गिरवून राह्यले."

"काय गिरवतात? ते वाक्य?"

"हां, बराबर तेच. वहीभर."

"आणि कुणी वाचत नाही?"

"वाचायचं काय त्यात?" तो म्हणाला. "अक्षर बघायचं."