सेतुमाधवरावांचं जहाज

१९६२ सालचं सांगतो. मी पुण्याहून बदली होऊन मद्रासला आलो होतो आणि टी. नगरात सेतुमाधवरावांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. ते रजिस्ट्रार कचेरीत हेडक्लार्क, मूळचे तंजावरचे. त्यांचं मराठी ऐकून मी पहिले दोन महिने नुसती मान डोलवत होतो. माणूस अगदी सरळ, पण इतका गोंधळलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्या वर्षी त्यांच्या घरात एक नाव बंद होतं. मुलगी वसंता डॉक्टर झाली आणि पुढे शिकायला विलायतेला गेली. मुलीने समुद्र ओलांडणं तिच्या आईला, सरोजाबाईंना, मान्य नव्हतं. मुंबईला पोचवायला सेतुमाधवराव एकटेच गेले. तेव्हापासून आठ महिने बाईंनी लेकीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. पत्र आलं की त्या उठून स्वयंपाकघरात जात. मला त्यांचा रागच यायचा. सेतुमाधवरावांना राग यायचा नाही, त्यांना नुसतं काही सुचायचं नाही.

नवरात्र जवळ आलं तसं एक सुचलं. त्यांच्याकडे कोलूची चाल होती, म्हणजे पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या ठेवायच्या आणि दरवर्षी एक तरी नवी आणायची.

“औंदा कप्पल ठेवतों, कृष्णकांत,” ते मला म्हणाले. कप्पल म्हणजे जहाज. वसंता गेली तसल्या जहाजाचा प्लास्टिकचा नमुना आणायचा, घरी जोडायचा आणि पायरीवर ठेवायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारणारच, हे काय म्हणून. मग बाईंना सांगावं लागेल आणि सांगताना नाव घ्यावंच लागेल. बेत मला आवडला.

मूर मार्केटात मलाही बरोबर नेलं. दुकानदाराने विलायती डबे पुढे मांडले आणि विचारलं, सहाशेचं की बाराशेचं?

“थोर पाहिजें. बाराशेचं द्या,” सेतुमाधवराव म्हणाले.

निघालं ते वीतभर. खऱ्या जहाजापेक्षा बाराशेपट लहान, असं दुकानदाराने तीनदा समजावलं. सेतुमाधवरावांनी तीनदा मान हलवली आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, “आकडा वाढला तर कप्पल घटतें कसें?” मी समजावलं, तेव्हा चौथ्यांदा मान हलवली. शेवटी परत आत जाऊन सहाशेचं घेतलं. मग हत्यारं आली. चाकू, चिमटा, नळीतला डिंक, आणि दोन कानशी. चपटी कानस जहाजाची आणि गोल विमानाची काय, असं त्यांनी विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही कानशी बांधून दिल्या.

डब्यावरच्या जहाजाला दोन धुरांडी होती. वसंताच्या जहाजाला किती होती, मी विचारलं.

“ठाऊक नाहीं. मी तिच्याकडे पाहुलालों होतों,” ते म्हणाले; म्हणजे ते वसंताकडे पाहत होते.

खरा घोटाळा घरी झाला. कोलूच्या बाहुल्या पेटीतून काढायची त्यांची एक रीत. आधी सगळ्या बाहेर काढायच्या, पुसायच्या, खाली कापडावर पसरायच्या आणि मगच मांडायला घ्यायच्या. सेतुमाधवरावांनी जहाजालाही तीच रीत लावली. ज्या चौकटींना सुटे भाग चिकटलेले होते त्यांवरून एकूण एक भाग कापून काढला, धुतला, वाळवला आणि पांढऱ्या धोतरावर मांडला. रिकाम्या चौकटी कॉर्पोरेशनच्या कचरागाडीत गेल्या. आकडे त्या चौकटींवर होते. डब्यातला सूचनांचा कागद म्हणत होता, तेविसाला चोवीस चिकटवा. धोतरावर नव्वद तुकडे, आणि तेवीस कोण ते कुणालाच माहीत नाही.

दोन आठवडे ते कचेरीतून आले की धोतरापुढे बसत. एक धुरांडं दोनदा तिरकं बसलं, दोनदा उपटलं. जिने कुठे जातात ते कळेना. मला धड मदत करता येईना आणि पाहवतही नव्हतं. सरोजाबाई येता-जाता बघत. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सोळा तुकडे उरले, चिंचोक्याएवढे. सेतुमाधवरावांनी ते कागदात गुंडाळले.

“जास्तीचे असतील,” ते मला म्हणाले.

सरोजाबाईंनी पुडी त्यांच्या हातातून घेतली आणि उघडली.

“हे पडाव नव्हें?” त्या म्हणाल्या. “कोवलमला मासेवाल्यांचे पाहिले की. कप्पल बुडालें तर आंतल्या जनानें काय करावें?”

मग त्या धोतरापुढे बसल्या. चिमटा त्यांना जमेना, म्हणून बोटांनीच एकेक होडी डिंकात बुडवून त्यांनी कडेला लावली. सोळाही लागेपर्यंत उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सेतुमाधवरावांनी जहाज मधल्या पायरीवर ठेवलं. मुंबईला शेवटचं पाहिलं तसं, तोंड दाराकडे. सरोजाबाईंनी दिवा लावला, थोडा वेळ पाहिलं आणि जहाज उचलून उलटं फिरवलं. तोंड घराच्या आत आलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्या तुळसीबाई आल्या. पायरीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे काय नवीन?

“आमची वसंता येऊलाली तें कप्पल,” सरोजाबाई म्हणाल्या.

सेतुमाधवराव माझ्याकडे पाहत राहिले. आपण काही ऐकलं की नाही, हेच त्यांना कळेना. तुळसीबाईंनी विचारलं, कधी येते? बाईंनी उत्तरासाठी नवऱ्याकडे पाहिलं. वसंताचं शिक्षण संपायला अजून तीन वर्षं होती.

“येऊलाली,” सेतुमाधवराव म्हणाले, आणि धुरांडं सरळ करायला पायरीशी गेले.