साखळीपुरतं अंगण

सकाळी दुधाची गाडी आली की आमचा तांबडा कुत्रा कडुनिंबाला बांधलेली साखळी तोडायला बघायचा. त्या दिवशी गाडी आली, दूध घेऊन गेली, आणि हा नुसता डोळे किलकिले करून पडून राहिला. टाकलेल्या भाकरीला मुंग्या लागल्या. हा आजारी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

कळून उपयोग काय? खुटबावच्या आमच्या मळ्यात आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं. आता शेवंती आहे, ऊस आहे, पण कुत्र्याचा विषय निघाला की आबा अजून माळावरच असतात.

"कुत्र्याला कुठं दवाखाना असतोय व्हय?" ते म्हणाले. "त्येचं आवशीद त्येलाच ठावं. रानात जाईल, पाला खाईल, वकंल, आन् मोकळं हुईल. आमच्या मेंढरांमागची समदी अशीच बरी झाली."

झालीही असतील. पण ती कुत्री मोकळी होती. शेजारच्यांचं कुत्रं बिबट्यानं उसात ओढून नेलं, तेव्हापासून आमच्या तांबड्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आला. दिवसभर कडुनिंब, दिवस मावळला की गोठ्याची कडी. साखळी पोचेल तेवढी जमीन फिरून फिरून गुळगुळीत झालेली, तिथं गवताची काडी नाही. आणि हा म्हणे पाला शोधणार!

दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्यावरूनही तोंड फिरवलं. आमच्या गाईंना बघायला येतात त्या डॉक्टरांना मी फोन लावला. ते म्हणाले, ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा. मी बघितलं. सोललेल्या लसणासारख्या पांढऱ्याफटक. कानात गोचिडांचा नुसता खच. "गोचीडताप असेल. रक्त कमी झालंय. आजच दौंडला दवाखान्यात न्या, थांबू नका."

न्या म्हणे! नवरा सणसवाडीला कंपनीत, मोटरसायकल त्याच्याकडं, आणि ड्युटीवर फोन गेटवर जमा. शेजाऱ्यांचा टेम्पो होता, पण आबांना डावलून तो मागायची माझी छाती नव्हती. मी दौंडच्याच रेल्वे कॉलनीत वाढले. मळ्याच्या कडेनं दौंडची डेमू गाडी जाते, तिचा भोंगा ऐकते, पण विचारल्याशिवाय कधी तिच्यात बसलेले नाही. मागच्या वर्षी मी तापानं फणफणले होते, तेव्हाही आधी काढा, मग 'बघू उद्या', मग दवाखाना. तेव्हा मी मूग गिळून पडून होते. तांबडाही तसाच पडला होता, आणि त्याच्याकडं बघून मला रडू नाही, संताप आला.

आबा बाजेवर बसले होते. मी म्हणाले, "आबा, पाला खायला रानात जायला पायजे ना त्यानं? बांधलाय की आपण."

त्यांनी कडुनिंबाकडं बघितलं. "मग सोड की. दिवसाढवळ्या काय हुतंय?"

मी कडी काढली. तांबडा कसाबसा उठला. साखळी संपायची तिथवर चालत गेला आणि उभा राहिला. पुढं सगळं रान मोकळं होतं. आबांनी मेंढरामागच्या कुत्र्याला घालायचे ती हाळी घातली. ती ऐकली की हा एरवी कान टवकारून गरगर फिरायचा. आता शेपटीचं टोक तेवढं हललं, आणि तो तिथंच खाली बसला.

आबांचा चेहरा उतरला. काठी बाजेवर ठेवून ते त्याच्यापाशी गेले, ओठ वर करून स्वतः हिरडी बघितली. "सुटल्यालं कुत्रं जागचं हालंना," एवढंच म्हणाले. मग माझ्यावरच खेकसले, "बघत काय बसलीस? टेम्पो सांग जा!"

दौंडपर्यंत ते मागं हौद्यात बसले, तांबड्याला स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून. मी पुढं बसले होते. इतक्या दिवसांनी दौंडला निघाले होते, तेही कुत्र्याच्या निमित्तानं. हसावं की रडावं कळेना.

सलाईन झालं, इंजेक्शनं झाली, गुळात लपवून गोळ्या झाल्या. घरी आल्यावर आबा गोचिडी वेचत बसायचे आणि बिबट्याला शिव्या घालायचे, जणू त्यानंच त्या सोडल्या होत्या.

मग एका सकाळी दुधाची गाडी आली आणि तांबड्यानं असा हिसका दिला की पट्ट्यातली कडीच निसटली. तो भुंकत थेट बांधापर्यंत गेला.

"कडी तोडलीया बघ!" आबा बाजेवरून ओरडले. "झालं बरं!"

मला आनंदानं रडू आलं. तांबडा बांधावर उभा, पलीकडं ऊस. मी हाक मारली. तो क्षणभर उसाकडं बघत राहिला, मग शेपूट हलवत माझ्याकडं आला. बिबट्या अजून उसातच होता. मी तांबड्याच्या पट्ट्यात कडी अडकवली आणि नीट बसली का, ते ओढून बघितलं.