लस घेतलेल्या सिस्टरचा स्वॅब

"हिचा स्वॅब नको," युनिटचे हेड म्हणाले. "हिने तुमचीच लस घेतलीय. फ्लू कशाला असेल?"

खाटेवर शैला सिस्टर होत्या. आमच्याच मेडिसिन वॉर्डच्या इनचार्ज. ऑक्सिजन लावूनही त्यांना बोलताना धाप लागत होती.

सोलापुरातल्या या हॉस्पिटलात फ्लूवर लक्ष ठेवायचं काम माझं. ताप-खोकल्याने दाखल झालेल्या प्रत्येकाच्या नाका-घशातला स्वॅब घ्यायचा आणि लस घेतली होती का, ते विचारायचं. मग फ्लू निघालेल्यांत लस घेतलेले किती आणि न निघालेल्यांत किती, हे ताडून पाहायचं. लस घेतलेल्यांनाच तपासणीतून वगळलं, तर त्यांच्यात फ्लू सापडणारच नाही. लस उगाचच रामबाण ठरेल. हे मी युनिटला कितीदा सांगितलं होतं.

"सर, सगळ्यांचा म्हणजे सगळ्यांचा. फ्लूचं औषधही लवकर दिलं तरच उपयोग. ते तरी आत्ता सुरू करा."

"रिपोर्टशिवाय नाही. आणि पॉझिटिव्ह आली, तर पुढच्या वर्षी स्टाफमधलं कुणी दंड पुढे करणार नाही. लसीचा कॅम्प तुमचाच होता ना?"

माझाच होता. मंडईत वांगी घ्यावीत तशी घासाघीस करून एकेकाला तयार केलं होतं. शैला सिस्टरना म्हटलं होतं, "तुम्ही पहिल्या या, बाकीच्या आपोआप येतील." त्या आल्या होत्या.

हेडनी तोड काढली. "बरं, घ्या स्वॅब. पण स्टडीत धरू नका."

सौदा कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. पण तिथे माझा आवाज चढला. "औषधाला रिपोर्ट चालतो, मग मोजायला का नाही?" अख्खा वॉर्ड बघत राहिला. स्वॅब मीच घेतला आणि नोंदही केली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. औषध लगेच सुरू झालं. दाराशी सिस्टरचे यजमान उभे होते, मंद्रूप गावचे.

"साहेब, लस तुमीच दिली की! मग हिला हे झालं कसं?"

"लस घेतल्यावर फ्लू होतच नाही असं नाही. तो गंभीर व्हायची शक्यता कमी होते."

"मग हे काय कमी हाय व्हय?" त्यांनी ऑक्सिजनच्या नळीकडे बोट केलं.

एका पेशंटवरून लस चांगली की वाईट ते ठरत नाही. पण हे त्या माणसाला त्या दारात सांगायचं नसतं.

सिस्टर बऱ्या होऊन घरी गेल्या. सीझन संपल्यावर आकडे हाती आले. लस घेतलेल्यांत फ्लू कमीच निघाला, पण आमच्या पोस्टरवर छापला होता तितका कमी नव्हे. मीटिंगमध्ये "आमच्या युनिटचं काटेकोर काम" म्हणून हेडनी टाळ्या घेतल्या. मी मागच्या रांगेत होतो. माझं नाव निघालं नाही. ते अजून सलतं.

पुढच्या वर्षीच्या कॅम्पला मी टेबल मांडून बसलो. शैला सिस्टर समोरून गेल्या.

"कशा आहात?"

"बरी आहे, सर." त्या थांबल्या नाहीत.

दुपारपर्यंत एकच जण आला. त्याला बीपी तपासून हवं होतं. शेवटी पहिली सुई मी स्वतःलाच टोचून घेतली.

आकडा खरा काढायचा असेल, तर टेबलापाशी एकच खुर्ची पुरते, आपली.