नानांच्या फोनातली जाहिरात

नानांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि बोट न लावता नुसती मान त्याच्याकडे हलवली.

"हे तुमचंच काम हाये ना?"

स्क्रीनवर वरती केळीचे भाव होते आणि खाली आमची जाहिरात. पिवळी चौकट, चहाचे दोन कप, आणि मजकूर: 'आयुष्याची नवी सुरुवात. पुनर्विवाहासाठी खानदेशातली विश्वासू स्थळे.' कप मी निवडले होते. मजकूरही माझाच.

"हो," मी म्हणालो. "माझंच आहे."

"पाच दिवस झाले. भाव पाह्यला गेलो तरी येते, भजन लावलं तरी येते. काल ट्रक भरताना व्यापाऱ्याले मालाचे फोटो दाखवत होतो, तवाबी आली. तो हसला. मी साठी पार केलेला मानूस, त्याले काय सांगू?"

हे गृहस्थ येणार हे मला सकाळीच कळलं होतं. धुळ्याला देवपुरात अलकाताईंचं विवाह मंडळ आहे. त्या माझ्या क्लायंट. त्यांचा फोन आला होता, "शकील, रावेरहून एक नाना आलेत. जाहिरात मलाच का येते म्हणून विचारतात. मला काय ते कळतंय? परत जाताना जळगावला तुझ्याकडे उतरायला सांगते." माझ्याकडे लोक भांडायलाच येतात. जाहिरात चालली तर कोणी सांगायला येत नाही, त्यामुळे मी चहा सांगून तयारीत बसलो होतो.

मी गेली बारा-तेरा वर्षं जळगावात ऑनलाइन जाहिरातींचं काम करतो. राहायला नशिराबादला. माझे अब्बा पेंटर होते, हायवेच्या भिंतींवर सिमेंटच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती रंगवायचे. ते म्हणायचे, भिंत जागेवर उभी असते, ज्याला बघायचं तो बघतो. माझा धंदा नेमका उलटा. माझी जाहिरात माणसाच्या मागे मागे जाते, आणि ती किती चिकटून गेली यावर माझी हुशारी मोजतात.

हे कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. वेबसाइटच्या पानात आम्ही एक छोटी खूण लपवून ठेवतो. तिला टॅग म्हणतात. तुम्ही ते पान उघडलं की टॅग मोठ्या कंपनीला चुगली करतो की हा माणूस येऊन गेला. मग तुम्ही पान बंद करा, बातम्या वाचा, गाणी ऐका, तीच जाहिरात पुन्हा पुन्हा समोर येते. याला रीमार्केटिंग म्हणतात. चप्पल बघितली आणि आठवडाभर चप्पल दिसत राहिली, हा अनुभव सगळ्यांना आहे.

अलकाताईंचं मंडळ जुनं आहे. पुनर्विवाहाच्या नोंदणीत त्या फार जपून असतात. घरी फोन करत नाहीत, पत्र पाठवलं तर पाकिटावर मंडळाचं नाव नसतं. बायका भाजीला जाते सांगून त्यांच्याकडे येतात. अशा मंडळाची जाहिरात मी पाठलागावर लावायलाच नको होती. पण लावली, आणि का लावली त्याची गोष्ट रावेरपासून फार लांबची आहे.

महागडे फोन बनवणाऱ्या एका कंपनीनं आपल्या फोनात एक प्रश्न टाकला: या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का? लोक अर्थातच 'नको' दाबतात. त्यामुळे ज्या फोटो-व्हिडिओवाल्या कंपनीवर मी जाहिराती लावायचो, तिला कोण काय बघतं ते दिसेनासं झालं. दोघी जाहीर भांडल्या. एक म्हणाली आम्ही लोकांची खाजगी माहिती जपतो, दुसरी म्हणाली आम्ही छोट्या दुकानदारांची बाजू घेतो. दोघींना आमचा इतका कळवळा आला की मीच घाबरलो. अलकाताईंकडे चौकशी करणारे बरेचसे पुण्या-मुंबईला असलेले भाऊ आणि मामा. त्यांच्या हातात तेच महागडे फोन. माझे रिपोर्ट धडाधड पडले.

अलकाताई म्हणाल्या, "शकील, काहीतरी कर बाबा."

त्याच सुमाराला तिसऱ्या, शोधवाल्या कंपनीचा माणूस दर आठवड्याला मला फोन करायचा. गोड बोलायचा. "सर, आमच्याकडे या. आम्ही फोनवर अवलंबून नाही, अकाउंट ओळखतो. एका फोनवर पान बघितलं तर त्याच अकाउंटच्या दुसऱ्या फोनवरही तुमची ॲड दिसेल." जाहिरातीत 'विधवा' शब्द असता तर खाजगी दुःखावर पाठलाग नको या त्यांच्या नियमात अडकली असती. मी 'नवी सुरुवात' लिहिलं. दहा मिनिटांत मंजूर. पाठलाग चालू करायला एका चौकोनात टिक करायची होती, ती मी केली. त्या वेळी चहा पीत होतो की फोनवर बोलत होतो तेसुद्धा आठवत नाही, इतकं ते साधं काम होतं.

आता नाना समोर बसले होते आणि मला अंदाज आला होता. मी त्यांचा फोन घेतला.

"नाना, यात ईमेल कोणी टाकून दिला?"

"रावेरच्या मोबाइलवाल्यानं. घरात बठ्ठ्या फोनात तोच हाये. तो म्हने, एकच ठेवा, पासवर्ड ध्यानात राहीन."

आमच्याकडे हे घरोघरी आहे. कंपनीवाले समजतात एक अकाउंट म्हणजे एक माणूस. आमच्याकडे एक अकाउंट म्हणजे एक चूल. मी सेटिंगमध्ये गेलो. हे अकाउंट कुठल्या कुठल्या फोनात चालू आहे त्याची यादी तिथे दिसते. तीन फोन होते. एक नानांचा. एक धाकट्या मुलाचा, तो सुरतेला कामाला. तिसऱ्यावर नाव होतं 'सागर', आणि तो त्याच दिवशी सकाळी वापरलेला होता.

"सागर कोण?"

नाना म्हणाले, "माहा मोठा पोरगा. गेला तो. दोन वर्षं झाली, मोटारसायकलवर होता. त्याचा फोन सूनबाई वापरते."

मी मनात चित्र जुळवलं. एक विधवा मुलगी, सासरी राहणारी, नवऱ्याच्या फोनवर कधीतरी एकटी असताना पुनर्विवाहाचं पान उघडून बघते. कोणाला सांगत नाही. आणि माझी जाहिरात तिथून उठून थेट सासऱ्याच्या फोनात जाऊन बसते, केळीच्या भावाखाली. मला स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांत धंद्याचा कंटाळा पुष्कळदा आला होता, लाज अशी पहिल्यांदा वाटली.

"मले एवढंच सांगा," नाना म्हणाले, "हे माह्याच फोनात काहाले येते?"

मी विचारही न करता खोटं बोललो. "सगळ्यांनाच जाते, नाना. आख्ख्या रावेर तालुक्याला लावली आहे. तुमचं नाव वगैरे काही नाही त्यात."

"बठ्ठ्याइले जाते?"

"बठ्ठ्यांना."

मला वाटलं आता ते सुटकेचा श्वास टाकतील. पण नानांचे खांदे पडले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतला आणि तसाच धरून बसले.

"मंग काही नही," ते म्हणाले. "मले वाटलं तिनं पाह्यलं असंन."

"कोणी?"

"सूनबाईनं. आमच्या आडतीतल्या एकानं सांगतलं होतं, आपन जे पाह्यतो तेच फोनात येते. मी तर नही पाह्यलं. पोरगा सुरतले. म्हनून म्हनलं तीच असंन. पाच दिवस रोज पाह्यलं, येते का नही ते. त्या कोपऱ्यात फुली असते ना, ती दाबली नही मी. दाबली आन् बंद झाली तर?"

या धंद्यात फुली न दाबणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

"तिनं पाहिलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

"काय म्हंजे? नाव लिवलं असतं. म्हनून तर धुळ्याले गेलो. तीस वर्षाची पोर हाये, पुढं आख्खं आयुष्य पडलं. आमची ही तर रोज म्हनते, बोला बोला. पन सासऱ्यानं सुनेले कसं इचारावं? ती म्हनीन, मी घरच्याइले जड झाली. नहीच म्हनीन ती, मनात असलं तरी. तिनं सोता पाह्यलं असतं तर गोष्ट येगळी होती."

ते चहा प्यायले. मग फोन माझ्याकडे सरकवला. "यात दिसत नही का, कोनं पाह्यलं ते?"

दिसतं. अगदी साफ दिसतं. अकाउंटच्या आत सगळ्या हालचालींची यादी असते: कुठलं पान, किती वाजता, कुठल्या फोनावरून. माझ्या बोटापासून दोन टिचक्यांवर होती ती यादी. आणि समोरचा माणूस वाईट हेतूनं विचारत नव्हता. दाखवलं असतं तर कदाचित त्या मुलीचं भलंच झालं असतं. मी हे स्वतःला दोनदा समजावून सांगितलं.

पण मग त्या यादीत अजून काय काय असेल? दोन वर्षांत तिनं काय काय शोधलं असेल, कुठल्या दिवशी, किती वाजता? ते तिनं कोणाला सांगितलेलं नव्हतं. एक कंपनी वाचत होती, तिच्या जिवावर मी जाहिरात लावत होतो, आणि आता सासऱ्यालाही मीच वाचून दाखवायचं. हे माझ्याच्यानं होईना.

"नाना," मी म्हणालो, "मघाशी मी खोटं बोललो. ही जाहिरात सगळ्यांना जात नाही. ज्या घरातून आमचं पान उघडलं गेलं, त्याच घरात जाते."

ते रागावले नाहीत. "म्हंजे आमच्या घरातूनच."

"तुमच्या घरातून. कोणी, ते मी बघणार नाही. तुम्हीही बघू नका. सूनबाई असतील, नाहीतर घरच्या काकूंनी तोच फोन घेऊन बघितलं असेल. घरी जाऊन विचारा."

"काकूले फोन उचलता येत नही नीट," नाना म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले.

मग मी जे करता येत होतं ते केलं. त्यांच्या फोनमधून ते घरचं अकाउंट काढलं आणि त्यांना स्वतःचं नवं काढून दिलं. पासवर्ड त्यांच्या डायरीत मोठ्या अक्षरात लिहिला. सुनेच्या फोनात जे होतं ते तिच्याकडेच राहिलं. फोन परत दिला तेव्हा त्यांनी केळीचे भाव उघडून बघितले. खाली ट्रॅक्टरची जाहिरात होती.

"आता ती येनार नही?"

"नाही येणार."

"मंग तिनं पुन्हा पाह्यलं तर मले कसं कयनार?"

"नाही कळणार, नाना. विचारावंच लागेल."

त्यांनी टोपी घातली. दारापर्यंत गेले आणि तिथे उभे राहून जिन्याकडे बघत म्हणाले, "सोपं काम नही दिलं तुम्ही." मग रावेरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी सांगितलं. गेले.

त्याच संध्याकाळी मी पुनर्विवाहाच्या पानावरून टॅग काढून टाकला. साध्या जाहिराती चालू ठेवल्या, पाठलाग बंद केला. अलकाताईंना कारण सांगितलं. पाकिटावर नाव न छापणारी बाई, तिला लगेच पटलं. पण पुढच्या महिन्यात चौकशा कमी झाल्यावर त्याच म्हणाल्या, "शकील, नाशिकचं ते दुसरं मंडळ तर सगळीकडे दिसतंय." मी म्हणालो, दिसू दे. त्यांनी विषय बदलला, पण तसं विषय बदलणं मी ओळखतो. उद्या त्यांनी दुसरा माणूस बघितला तर तो पहिल्याच दिवशी ती टिक परत करेल. शोधवाल्या कंपनीच्या माणसाचा फोन अजून दर आठवड्याला येतो.

दीडेक महिन्यानं रिपोर्ट काढायला बसलो. अलकाताईंच्या वेबसाइटवर कोणी नोंदणीचा फॉर्म भरला की त्यातली मोजकी माहिती माझ्याकडे येते. नाव येत नाही, फोन नंबर येत नाही. त्या आठवड्यात पुनर्विवाहाचा एकच फॉर्म होता. तालुका: रावेर. फॉर्म भरणारी व्यक्ती: स्वतः.

फोटोवाल्या कंपनीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, ही नोंदणी आमच्या जाहिरातीमुळे. शोधवाल्या कंपनीच्या रिपोर्टातही लिहिलं होतं, ही नोंदणी आमच्या जाहिरातीमुळे. हे नेहमीचंच आहे. एक गिऱ्हाईक आलं की दोघी आपापल्या नावावर लावतात, आणि त्यांचे आकडे जोडले तर गिऱ्हाइकं दुप्पट होतात. म्हणून फॉर्मच्या शेवटी मी स्वतः एक प्रश्न टाकून ठेवला आहे: आमच्या मंडळाची माहिती कुठून मिळाली? बहुतेक लोक तो रिकामा सोडतात.

या फॉर्मात लिहिलं होतं, 'सासऱ्यांकडून.'

पहिल्यांदा पान कोणी उघडलं होतं ते मला आजही माहीत नाही. स्थळ जमलं का, तेही मी अलकाताईंना विचारलेलं नाही आणि त्या सांगणार नाहीत.

दुपारी त्यांचा फोन आला. रिपोर्ट त्यांच्यासमोर होता. "शकील, हे रावेरचं नाव नक्की कोणत्या कंपनीमुळे आलं? तिचं बजेट वाढवू या."

"सासऱ्यामुळे आलं, ताई," मी म्हणालो. "त्यांचं बजेट आपल्याला वाढवता येत नाही."