जर्मनीहून सुट्टीवर आलेली सारिका

मेंदू विसरतो कसा, याची गणितं मांडून सारिकाने बंगलोरला पीएचडी केली. ना सुरी, ना कवटी. समीकरणं आणि संगणक, एवढंच तिचं दुकान. तरी तिच्या गावी, मोताळ्यात, भगवंतरावांनी तिला ‘मेंदूची मोठी डॉक्टरीण’ करून टाकलं. भगवंतराव सत्कार समितीचे तहहयात अध्यक्ष. कोणी दवाखान्यातून धड परतला, तरी त्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

एकवीस अर्ज वाया गेल्यावर जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने सारिकाला पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या दोन वर्षांच्या संशोधनासाठी, ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. पीएचडीला वर्षं उलटली की असल्या जागांची दारं बंद होतात. तिच्यासाठी हे शेवटचं दार होतं. तिचे वडील इंद्रभान, निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांनी ही बातमी चहाच्या टपरीवर सांगितली. टपरीवरून भगवंतरावांकडे पोचेपर्यंत मुलाखतीची नेमणूक झाली होती.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर फ्लेक्स लागला. ‘जर्मनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ सारिकाचा फोटो बोटभर, भगवंतरावांचा हातभर.

“बाबा, निवड नाही झाली. नुसती मुलाखत हाये.”

“होऊन जाते वं. आता फ्लेक्स लागला, मी काय सांगू त्याईले?”

भगवंतरावांनी सत्कार ठेवला तो नेमका मुलाखतीच्याच दिवशी. सत्कार सकाळी अकराला, मुलाखत दुपारी चारला. पाच तास हाताशी आहेत म्हणून सारिका हो म्हणाली. एवढी गणितं करणाऱ्या बाईने प्रमुख पाहुण्यांची गाडी तेवढी हिशेबात धरली नाही. पाहुणे उगवले साडेतीनला. भगवंतरावांचं प्रास्ताविक सुरू झालं आणि संपेचना. चारला दहा मिनिटं उरली तेव्हा ती उठली.

“काका, मले जाऊ द्या. माही मुलाखत हाये.”

“बस वं पोरी!” भगवंतराव माइकवरूनच म्हणाले. “तुह्याच कौतुकाचं बोलून राह्यलो ना!”

इंद्रभानांनी लाजून तिचा हात धरून तिला खाली बसवलं. वडिलांचा हात झटकायला तिला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांचा राग तिला आजही येतो, भगवंतरावांपेक्षा स्वतःचाच जास्त. मग ती मंडपामागच्या शाळेच्या खोलीत पळाली आणि लॅपटॉप उघडला. जर्मन प्राध्यापक शांतपणे वाट पाहत होते. तिने बोलायला तोंड उघडलं, तर खिडकीबाहेरचा भोंगा तिचीच थोरवी ओरडत होता. प्राध्यापकांना तिचा एक शब्द ऐकू येईना. मंचावर शाल तिच्या रिकाम्या खुर्चीला पांघरली गेली. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

नकाराची ईमेल चौथ्या दिवशी आली. ही बातमी इंद्रभानांनी टपरीवर सांगितली नाही. फ्लेक्सही कोणी काढला नाही.

आता सारिका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. परवा आठवडी बाजारात भाजीवाल्या सुभद्राबाईंनी वांगी तोलता तोलता विचारलं, “जर्मनीवरून कधी आली वं?”

सारिका काही म्हणायच्या आत इंद्रभान घाईने बोलले, “सुट्टीवर आली.”

“किती दिवसाची सुट्टी?”

सारिकाने वडिलांकडे पाहिलं. ते कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करत होते.

“लंबी हाये, मावशी,” ती म्हणाली आणि वांग्यांसाठी पिशवी पुढे धरली.