सासूबाई नाशकाला निघाल्या

माझ्या लेकीची, संजनाची, त्या शाळेत निवड झाली, त्या दिवशी आमच्या घरात कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. नाशकातली ती शाळा परीक्षा घेऊन सगळ्या जिल्ह्यातून आठवीला मोजकीच मुलं घेते. माझ्या नवऱ्याने, अमोलने, आनंदाच्या भरात आम्ही घरी विक्रीसाठी ओवलेले हारच वाटून टाकले. आमच्या सायखेड्यात त्या दिवशी म्हशींच्या गळ्यातसुद्धा झेंडू होता.

मग जरा भानावर आलो. शाळेला वसतिगृह नाही आणि शाळा भरते सकाळी सातला. म्हणजे नाशकात खोली घेऊन राहायला हवं. पण राहायचं कुणी? अमोल गेला तर शेत बसतं, मी गेले तर हार बसतात. सोमवारपर्यंत कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

रविवारी नणंद, दीर, माझा भाऊ असे सगळे जमले. अमोल आणि मी दोघंही गेलो तर म्हातारीला एकटं कसं ठेवायचं, यावरच दोन चहा झाले. म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई, सखुबाई. समोरच हार ओवत बसल्या होत्या आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. संजना दाराशी नखं खात होती. तिच्याकडे बघून माझा जीव तुटत होता.

सासूबाई म्हणजे एक प्रकरणच. मी ओवलेला हार त्यांनी कधी तसाच जाऊ दिला नाही. "वाकडा हाय," म्हणायचं, दोरा सर्रकन ओढायचा आणि पुन्हा ओवायचा. तेव्हा मी मनात त्यांना काय काय म्हणायचे, ते इथे सांगत नाही. प्रत्येक हाराच्या टोकाला मरव्याची काडी, ही आमची खूण. हार रोज पहाटे टेम्पोतून नाशकाला जायचे. सासूबाई मात्र लग्ना-मयतीशिवाय गावाबाहेर पडल्या नव्हत्या.

तिसरा चहा आला तशी त्यांनी सुई पदराला टोचली.

"मी जाते की."

"तू? कुठं?" अमोल म्हणाला.

"नाशकाला, पोरीसंगं. भाकरी येती मला, अन् रस्ता इचारता येतो."

"अगं, पण हार कोण करील?"

"सुवर्णा करील. तिला हात नाय का?"

माझ्याइतकं थक्क त्या घरात कुणीच झालं नसेल. संजना धावत जाऊन आजीच्या गळ्यात पडली, पदरातली सुई दोघींना टोचली आणि दोघी एकदम किंचाळल्या. हसता हसता नणंदेने सगळा चहा अंगावर सांडला.

सासूबाई नाशकाला गेल्यावर माझा हार उसवायला कुणी उरलं नाही. मग मीच उसवायला लागले. सवय, दुसरं काय!

आठ दिवसांनी संजनाचा फोन आला. "आई, मी शाळेतून येते तर दाराला कुलूप! आजी रोज सिटी बसनं शेवटच्या स्टॉपपर्यंत फिरून येते."

तिच्या हातून फोन सासूबाईंनी हिसकावला. "आपले हार शोधते गं. इतकी वरसं धाडले, पण कुठं जातात ते कधी पायलं नाय. आज घावला एक. नव्या कोऱ्या रिक्षाला व्हता. मरवा बघून वळखला."

मी भीतभीतच विचारलं, "वाकडा होता का?"

"लय सरळ. त्या रिक्षावाल्याला सांगून आले, माझ्या सुनेच्या हातचा हाय म्हणून."

फोन ठेवून मी अंगणात दोन गिरक्या घेतल्या. अमोल म्हशीजवळून बघतच राहिला.